सुतकातला वाजंत्री

आमच्या टानलोहे संस्थानात राजा मेला की राजवाड्यात कोणाला किती दुःख व्हायचं ते देव जाणे, पण आमच्या घरची चूल मात्र विझायची. आम्ही पडलो वाजंत्री. राजा गेला की वर्षभर सुतक. सुतकात लग्नात वाजवायचं नाही, बाप्तिस्म्याला वाजवायचं नाही, जत्रेत नाच नाही, चर्चमधला ऑर्गनसुद्धा मुका. बाकी लोकांचं काय, टोपीला काळी फीत शिवली की त्यांचं सुतक पाळून झालं. पण ज्याचं पोटच फुंकरीवर चालतं त्याने वर्षभर काय करायचं, हे कुठल्या फर्मानात लिहिलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझे वडील टानलोहे गावचे वाजंत्री होते. मी नऊ वर्षांची असताना एका हिवाळ्यात ते खोकून खोकून गेले. गावाच्या वाजंत्र्याला चर्चच्या मनोऱ्यात दोन खोल्या मिळायच्या, आणि मनोऱ्यावरून तास वाजवायचं आणि आग लागली तर तुतारी फुंकायचं काम त्याच्याकडे असायचं. गावपंचांचा नियम असा की जो नवा वाजंत्री येईल त्याने आधीच्याची विधवा पदरात घ्यायची. म्हणजे पंचांना तिला पोसायला नको. नोकरीबरोबर बायको, बायकोबरोबर मी.

तिघे उमेदवार आले. त्यातले दोघे माझ्या आईशी, रोझिनाशी, पाच मिनिटं बोलले आणि आल्या वाटेने गेले. तिसरा राहिला. त्याचं नाव गोटहिल्फ राउशर. डोंगरावरच्या धनगराचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, लांब मानेचा, बोलताना सारखे डोळे मिचकावणारा. आई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने त्याला सरळ विचारलं, "सनई चांगली वाजवता म्हणे. पण मी कशी आहे ते विचारलंत का कुठे?"

"विचारलं," तो म्हणाला. "सगळ्या गावाने एकच सांगितलं."

"काय?"

"की सनई जरा जोरात वाजवत जा."

आई हसली नाही, पण नकारही दिला नाही. मी त्यांना पहिल्या दिवशी काका म्हटलं आणि शेवटपर्यंत काकाच म्हणत राहिले.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी लग्न ठरलं. काकांनी आसपासच्या गावांतले चार जुने सोबती बोलावले होते, सगळे नावाजलेले. आणि सोमवारी दुपारी आमचे राजे एर्न्स्ट कासिमिर मेले. तीसेक वर्षं राज्य केलं त्यांनी आणि त्यातली निम्मी जंगलात काढली. त्यांच्या शिकारीसाठी राखलेली रानडुकरं लोकांची शेतं उकरायची आणि त्यांना दगड मारायचीही चोरी होती. राजवाड्याला त्यांनी पुढून चाळीस खिडक्यांची भिंत बांधली. मागे खोल्या बांधायला पैसे पुरले नाहीत, त्यामुळे निम्म्या खिडक्यांतून नुसतं आभाळ दिसायचं. त्या सोमवारी त्यांनी जेवणात अर्धी परात ईल मासे खाल्ले आणि टेबलावरच मान टाकली.

लग्न झालं, पण एक सूर वाजला नाही. ते चार वाजंत्री आपापली वाद्यं फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले आणि बिअर पीत राहिले. काका मधेच म्हणाले, "जन्मभर लोकांच्या लग्नात वाजवलं. मंगळवारपर्यंत दम धरता आला नाही का त्यांना?"

"हळू बोला," आई म्हणाली. "आणि ते मासे इकडे द्या. आपल्या घरी ईल नाहीत, बांगडेच आहेत, कोणी मरणार नाही."

ते वर्ष आम्ही कसं काढलं विचारू नका. लोक वाजंत्र्याला पीठ, अंडी, नाताळला एक हंस द्यायचे, पण न वाजवणाऱ्या वाजंत्र्याला कोण देणार? आई पायमोजे विणायची. काका दुसऱ्यांच्या शेतात गवत कापायला जायचे आणि बोटांना घट्टे पडतात म्हणून घरी येऊन चिडचिड करायचे. शेवटी त्यांनी ओढ्यापलीकडे जायचं ठरवलं.

ओढ्यापलीकडे धाकटी पाती. आमच्या राजांच्या आजोबांना दोन मुलगे, आणि ते दोघे एकमेकांचं तोंड पाहीनात, म्हणून म्हाताऱ्याने मरायच्या आधी संस्थानाचे दोन तुकडे केले. थोरल्या पातीला आमचं टानलोहे, धाकटीला पलीकडचं निडरलोहे. जंगल वाटलं, तळं वाटलं, ओढ्यावरचा पूलसुद्धा मधोमध वाटला. पूल मोडला की दोन्ही पात्या आपापला अर्धा भाग वेगळ्या लाकडाने दुरुस्त करायच्या, आणि मधे वीतभर फट राहायची ती कोणाचीच नाही. एवढी भाऊबंदकी, पण सुतक मात्र एकमेकांचं पाळायचे. आमचा मेला की त्यांच्याकडे तीन महिने, त्यांचा मेला की आमच्याकडे तीन महिने.

धाकट्या पातीचे तीन महिने संपले तसे काका सनई घेऊन पलीकडच्या एका लग्नात गेले. तिथला वाजंत्री बुशकोफ दारातच उभा होता.

"राउशर, ही माझी हद्द."

"एक दिवस वाजवू द्या, बुशकोफ. घरी खायला नाही."

"मग तुमच्या राजाला सांगा, मरू नको म्हणून."

काका परत आले तेव्हा कोटाची बाही फाटली होती. आईने सुईदोरा काढला आणि काही विचारलं नाही. त्या दिवशी मला कळलं की तिला त्यांची थोडी माया वाटायला लागली आहे.

पुढे गादीवर आले ते मेलेल्या राजांचे भाऊ, ख्रिस्टियान वोल्फ्राट. एर्न्स्ट कासिमिरांना मुलगा नव्हता. हे राजे सत्तरी उलटलेले, देवभोळे आणि ठार बहिरे. सुतक फिटलं की त्यांच्या गादीवर बसण्याचा सोहळा होणार होता. काकांनी हिवाळाभर बसून त्या दिवसासाठी एक नवी गत बांधली. मनोऱ्याच्या खोलीत इतकी थंडी की दौतीत शाई गोठायची, पण त्यांनी ती गत पुरी केली आणि आम्हाला तोंडाने गुणगुणून दाखवली. गत खरंच चांगली होती. सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात राजे चर्चच्या पायरीवरून घसरले आणि गेले.

"आठ दिवस!" काका भिंतीवर मूठ आपटत म्हणाले. "आठ दिवसांनी पडले असते तर काय बिघडलं असतं?"

"अहो, ते बहिरे होते," आई म्हणाली. "त्यांना तुमची गत ऐकूही आली नसती."

"त्यांना नसती आली. मला आली असती की!"

पुन्हा एक वर्ष. दोन वर्षं सलग गावात कोणी नाचलं नाही. त्या दोन वर्षांत ज्यांची लग्नं झाली ती मंडळी अजून म्हणतात, आमच्या लग्नाला पाहुणे आले तसे चोरासारखे निघून गेले.

मग मात्र दैव फिरलं. गादीवर त्या दोघांच्या आधीच वारलेल्या धाकट्या भावाचे चिरंजीव आले, लुडविग क्राफ्ट, चोवीस वर्षांचे, गाल सफरचंदासारखे. त्यांना सैन्याचं वेड. साठ शिपाई ठेवले, त्यांना हातभर उंच टोप्या दिल्या, आणि त्यांच्यापुढे चालायला बासऱ्या आणि ढोल हवेत म्हणून काकांना बोलावलं. काकांनी शेतकऱ्यांची पोरं धरून आणली आणि सहा महिन्यांत त्यांच्याकडून ताल धरून घेतला. त्या चार-पाच वर्षांत आमच्या घरात लोणी होतं. त्यातच मी पिंपं बनवणाऱ्या कास्परशी लग्न केलं आणि लग्नात इतकं वाजलं की आईच कानांवर हात ठेवून म्हणाली, "पुरे करा आता, शेजाऱ्यांच्या गाईंचं दूध आटेल."

राजांना पुढे आरमाराचीही हौस आली. आमच्याकडे समुद्र नाही, तळं आहे, तेही अर्धं. त्यात त्यांनी दोन तोफांची एक नाव सोडली. मार्च महिन्यात बर्फ नुकता वितळलेला असताना राजे नावेवर उभे राहून दोन्ही तोफा एकदम उडवायचा हुकूम देते झाले. तोफा उडाल्या आणि नाव मागे सरकली. राजे पाण्यात पडले, हसत हसत बाहेर आले, आणि नवव्या दिवशी तापाने गेले.

काकांनी ती बातमी ऐकली. खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते माझ्या आईकडे बघत राहिले. आई म्हणाली, "पायमोजे विणायला शिका आता. मी एकटी किती विणू?"

ह्या वेळी भानगड आणखी मोठी होती. राणीसाहेब गरोदर होत्या. मुलगा झाला तर तो राजा. मुलगी झाली तर थोरली पाती संपली आणि सगळं संस्थान धाकट्या पातीकडे. तोवर कारभार दिवाण श्टेल्सनर यांच्या हाती. बारीक, नेटका माणूस. नियम सोडून त्याला दुसरं काही सुचत नसे. काका विहिरीवरून पाणी आणताना नकळत शीळ घालत होते ते त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई मनोऱ्यावर आले आणि सनई, तुतारी, व्हायोलिन, बासऱ्या, सगळी वाद्यं पेटीत भरून राजवाड्यात कुलपात ठेवायला घेऊन गेले.

काका धावत दिवाणांकडे गेले. मी आणि आईही गेलो, कारण काका एकटे गेले तर काय बोलतील ह्याचा भरवसा नव्हता.

"दिवाणसाहेब, सनई ठेवा. व्हायोलिन ठेवा. पण तुतारी द्या. मनोऱ्यावरची घंटा तडकलेली आहे. आग लागली तर मी काय वाजवू?"

दिवाणांनी विचार केला. मग म्हणाले, "सुतकाच्या काळात आग लागणार नाही याची गावकऱ्यांनी दक्षता घ्यावी. तसा हुकूम काढतो."

आणि खरंच काढला. दवंडी पिटता येत नव्हती, कारण ढोलही कुलपात. म्हणून शिपाई घरोघर जाऊन सांगत फिरला.

ऑगस्टमध्ये भर दुपारी, सगळा गाव शेतात असताना, कातडी कमावणाऱ्यांच्या आळीत एका गवताच्या कोठाराने पेट घेतला. वारा गावाच्या दिशेने. मी त्या दिवशी आईकडे आले होते. काका मनोऱ्याच्या खिडकीत होते, त्यांनी धूर पाहिला आणि ओरडले, "आग! आग!" पण मनोऱ्यावरून ओरडलेलं खाली गटारातल्या कोंबडीलाही ऐकू जात नाही. आईने पातेलं उचलून खिडकीवर बडवायला सुरुवात केली. खालच्या बाजारातल्या बाईने वर पाहिलं आणि म्हणाली, "राउशरांचं पुन्हा जुंपलं वाटतं," आणि ती भाजी निवडत बसली.

काका जिना उतरून पलंगाखाली शिरले आणि एक गाठोडं घेऊन बाहेर आले. त्यात होता मशकबाजा. बकरीच्या कातड्याची पिशवी, तिला तीन नळ्या. त्यांच्या वडिलांचा, धनगराचा. आमच्या वाजंत्र्यांच्या संघाला त्या बाजाचं वावडं. मशकबाजा वाजवतात ते धनगर आणि भटके. संघाचा माणूस तो नुसता हातात घेताना दिसला तरी संघातून काढतात. म्हणून काकांनी तो इतकी वर्षं पलंगाखाली दडवलेला. आईला माहीत होतं. ती म्हणायची, त्याला बकरीचा वास येतो.

आता मात्र ती ओरडली, "अहो, बघता काय! फुंका!"

काकांनी परत खिडकीत येऊन पिशवी फुगवली आणि फुंकलं. मशकबाज्यावर त्यांना एकच गत येत होती, धनगरांच्या नाचाची, लहानपणी बापाने शिकवलेली. ती त्यांनी वाजवली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सुतकातल्या मुक्या गावावर, भर दुपारी, मनोऱ्यावरून धनगरांचा नाच! शेतात वाकलेली माणसं ताठ उभी राहिली. बाजारातली बाई भाजी टाकून उठली. "वाजंत्री वेडा झाला!" लोक म्हणायला लागले, आणि वेडा झालेला माणूस बघायला सगळ्यांनी वर पाहिलं. वर पाहिल्यावर त्यांना काका दिसले, आणि काकांच्या मागे धूर.

चार कोठारं गेली. माणूस एकही गेला नाही, गावही वाचलं. काका खाली आले तेव्हा त्यांचे ओठ सुजलेले होते. लोकांनी त्यांना उचलून घेतलं. सगळ्यांना वाटलं, आता बक्षीस.

दुसऱ्या दिवशी दिवाणांनी चौकशी लावली.

तीन गुन्हे. एक, सुतक मोडलं. दोन, मोडलं तेही नाचाची गत वाजवून. तीन, गावच्या नेमलेल्या वाजंत्र्याने हलकं वाद्य वाजवून पदाची अप्रतिष्ठा केली.

"शोकाला साजेशी एखादी गत वाजवता आली नसती का?" दिवाणांनी विचारलं.

"साहेब, मशकबाज्यावर मला एकच गत येते."

"मग दुसरी शिकून का ठेवली नाही?"

"संघाचा नियम आहे, मशकबाजा वाजवायचा नाही."

"तरीही तुम्ही वाजवलात."

"आग लागली होती!"

"आगीबद्दल स्वतंत्र हुकूम निघालेला होता," दिवाण म्हणाले, आणि सही केली.

आई बाकावरून उठली. "दिवाणसाहेब, हुकूम आगीला दिला होता की लोकांना? कारण आग तुमचं ऐकत नाही हे आता सगळ्या गावाने पाहिलंय." शिपायाने तिला बाहेर काढलं. ती बाहेरूनही बोलत होती.

प्रकरण गुंतागुंतीचं आहे म्हणून दिवाणांनी सगळे कागद दूरच्या एका विद्यापीठातल्या कायदेपंडितांकडे पाठवले. निकाल येईपर्यंत काकांनी कुठलंही वाद्य हाती धरायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये राणीसाहेबांना मुलगी झाली. गोड मुलगी, पुढे फार चांगली निघाली म्हणतात, पण तिच्या जन्माबरोबर आमची थोरली पाती संपली. धाकट्या पातीचे राजे त्यांचा अर्धा पूल ओलांडून आले. नव्या राजाच्या स्वागताला वाजंत्री हवेतच, म्हणून सुतक एका दिवसात उठलं! तीन राजांसाठी आम्ही उपाशी राहिलो आणि ते असं उठवता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

दिवाण स्वतः मनोऱ्याचे जिने चढून आले, धापा टाकत.

"राउशर, उद्या सकाळी वेशीवर तुतारी हवी."

"माझी चौकशी चालू आहे, साहेब. वाद्याला हात लावायचा नाही असा तुमचाच हुकूम आहे."

"मला ठाऊक आहे. पण कागद विद्यापीठात आहेत. ते परत आल्याशिवाय हुकूम मागे घेता येत नाही."

"मग मी काय करू?"

दिवाणांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर यातना होत्या. काकांना वाजवायला सांगणं नियमात बसत नव्हतं, आणि वेशीवर तुतारी नसणंही नियमात बसत नव्हतं. शेवटी ते तसेच खाली उतरले. दुसऱ्या दिवशी बुशकोफ वाजवत आला, नव्या राजाच्या पुढे, आमच्या मनोऱ्याखालून. बेसूर वाजवत होता. काका खिडकीत उभे राहून प्रत्येक चुकीला डोळे मिचकावत होते.

एक राजा, एक संस्थान, म्हणून वाजंत्रीही एकच, असा पुढच्या महिन्यात निर्णय झाला. तो एक अर्थातच बुशकोफ. मशकबाजा वाजवल्याबद्दल संघानेही काकांचं नाव कापलं. आम्हाला मनोरा सोडावा लागला. आई आणि काका माझ्या घरी आले, कास्परच्या पिंपांच्या कोठीमागे एक खोली होती तिच्यात. इतक्या वर्षांत मी काकांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. आईने पाहिलं आणि भडकली.

"रडता काय? संघाने काढलं, पंचांनी काढलं, राजाने काढलं. आता काढायला कोण उरलं? वाद्याला हात न लावायचा हुकूम गावच्या वाजंत्र्याला होता, तो आता बुशकोफ आहे. वाजवा की तो बोकड!"

"मशकबाजा? लोक काय म्हणतील?"

"लोक नाचतील."

आणि तसंच झालं. डोंगरातल्या खेड्यांना संघाचा वाजंत्री कधीच परवडत नव्हता. काका मशकबाजा घेऊन जाऊ लागले आणि लग्नं त्यांच्यासाठी थांबायला लागली. पहिल्या वर्षी ते एकटे जायचे. मग एकदा ते बर्फात वाट चुकले, एकदा बिअर पिऊन गोठ्यात झोपले, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "एकटं सोडलं की धड घरी येत नाही हा माणूस," आणि गाडीत चढली. त्यानंतर ती प्रत्येक लग्नाला गेली. कोपऱ्यात बसून पायमोजे विणायची आणि काकांनी लय चुकवली की सुईने बाकावर ठोका द्यायची. नव्या राजांची आत्या वारली तेव्हा तीन महिन्यांचं सुतक आलं. फर्मानात सनई, तुतारी, व्हायोलिन, बासरी, ढोल आणि ऑर्गन असं लिहिलं होतं. मशकबाज्याचं नाव घेणं दरबाराला हलकं वाटत असावं. काका वाजवत राहिले.

विद्यापीठाचा निकाल सहा वर्षांनी आला. आगीचा इशारा देणं योग्य, नाचाची गत अयोग्य, वाद्य अशोभनीय; म्हणून गोटहिल्फ राउशर यास दिवाणांनी समक्ष तोंडी समज द्यावी. दिवाण तोवर निवृत्त होऊन संधिवाताने खुर्चीला खिळले होते. काका त्यांच्या घरी गेले. मीही बरोबर गेले. दिवाणांनी चष्मा लावून निकाल वाचला, पुन्हा वाचला.

"तुम्हाला समज द्यायची आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आग... केव्हा लागली होती?"

काकांनी सांगितलं. दिवाणांनी मान हलवली. त्यांना काही आठवत नव्हतं. "बरं, पुन्हा असं करू नका," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वाजवता म्हणे. येत्या रविवारी माझ्या नातीचं लग्न आहे. बुशकोफ फार महाग झालाय."

परत येताना काका माझ्या पुढे चालत होते. ओढ्याजवळ आल्यावर म्हणाले, "डोर्टे, ह्या माणसावर चिडायचं तरी कसं, सांग."

"मी सांगते ना कसं," मी म्हटलं. पण ते ऐकतच नव्हते. त्यांनी ते लग्न वाजवलं. आईने त्या लग्नात एक घास खाल्ला नाही, विणकाम मात्र तिथेच बसून केलं.

काका त्रेसष्टाव्या वर्षी गेले, डोंगरातल्या एका लग्नात. नाच संपल्यावर ते बाकावर बसले, नवरदेवाकडे बिअर मागितली, आणि तो बिअर घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकून गेलेले होते. आई शेजारीच होती. तिला वाटलं, डोळा लागला असेल, म्हणून तिने नवरदेवाला गप्प राहायला खुणावलं आणि विणत बसली. कळलं तेव्हा तिने सुया बाजूला ठेवल्या.

"एवढी तहान लागली होती तर पिऊन तरी जायचं," ती म्हणाली. तिने तो पेला दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तशीच त्यांच्याजवळ बसून राहिली. लग्नघरातल्या लोकांना कळेना, काय करावं. शेवटी नवरी पुढे झाली आणि तिने आईच्या खांद्यावर आपली शाल घातली.